एक घर, सोळा छपरं : १:१०० मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ठरलं एकदाचं. उपनगरातलं एक दुमजली घर, एका कुटुंबापुरतं, आणि त्याच्याभोवतीची वस्ती. प्रमाण १:१००, म्हणजे खरा एक मीटर तो फळीवरचा एक सेंटिमीटर. १:५० घेतलं तर खिडक्यांच्या चौकटी सुबक कापता येतात, पण १२० × ८० सेंमीच्या फळीवर चारेक घरांपलीकडे काही मावत नाही. १:२०० ला वस्ती ऐसपैस मावते, पण दार उरतं एका सेंटिमीटरचं आणि जिना म्हणजे नुसती रेघ. १:१०० ला माणूस साधारण १७ मिलिमीटरचा होतो. तेवढ्याला बरं-वाईट दिसतं.

मॉडेल कुठल्याच ठरावीक गावाचं नाही, मुद्दामच. बाहेरून एकच गोष्ट घेतली : सावल्यांच्या हिशेबासाठी ४० अंश उत्तर अक्षांश. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यानं उत्तरेच्या जागी दक्षिण वाचावं, भूमिती तीच राहते.

१२ जानेवारी

घराचा आराखडा. लांबी १० मीटर, खोली ८ मीटर. मजल्यापासून मजल्यापर्यंत २.८ मीटर, खाली १५ सेंमीचं जोतं. वर दुपाखी छप्पर, ३० अंशांचं.

आधी जिना सोडवला. बाकी खोल्या इकडे-तिकडे सरकतात, जिना सरकत नाही. २.८ मीटर चढायचे तर १६ चढ, प्रत्येकी १७.५ सेंमी. पायरीची रुंदी २५ सेंमी. फ्रान्स्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदानं सतराव्या शतकात सांगितलेला हिशेब अजूनही वापरात आहे : दोन चढ आणि एक पायरी मिळून माणसाच्या एका पावलाएवढं, म्हणजे ६० ते ६४ सेंमी. माझं बरोबर ६० येतं. पंधरा पायऱ्या गुणिले २५, म्हणजे सरळ जिन्याला पावणेचार मीटर लांबी लागते. ८ मीटर खोलीच्या घरात जवळजवळ अर्धं अंतर जिन्यानंच खाल्लं. खालचा दिवाणखाना, मागचं स्वयंपाकघर, वरच्या तीन झोपायच्या खोल्या, सगळं त्या एका तिरक्या पट्टीभोवती बसवलं.

एक चढ मॉडेलमध्ये १.७५ मिमीचा. हाताशी पुठ्ठा आहे २ मिमीचा. सँडपेपरवर घासून खाली आणला. हे कोणालाच दिसणार नाही, कारण वर छप्पर बसणार आहे. तरी केलं.

१९ जानेवारी

भिंती आणि छप्पर. छपराचं पाखं कापताना नकाशातली ४ मीटर रुंदी कामाची नाही, तिरकी लांबी लागते : ४ भागिले ३० अंशांचा कोसाइन, म्हणजे ४.६२ मीटर. त्यात वळचण भिंतीबाहेर ४५ सेंमी काढली की ५.१४. पुठ्ठ्यावर ५१ मिलिमीटर. आढं भिंतीच्या माथ्यावर २.३ मीटर चढतं आणि जमिनीपासून साधारण ८ मीटरांवर येतं. हा आठाचा आकडा पुढे फार लागणार आहे.

पुठ्ठ्याला एकाच बाजूनं रंग दिला की तो त्या बाजूला वळतो. दोन्ही बाजूंनी पातळ हात मारून, वजनाखाली रात्रभर ठेवून मगच कापायचा.

घर उभं राहिलं. देखणं आहे. टेबलावर एकटं ठेवलं तर ते माळावरचंही वाटतं, समुद्रकाठचंही. उपनगरातलं वाटण्यासारखं त्यात अजून काहीच नाही.

२६ जानेवारी

वस्तीची आखणी. फळीच्या खालच्या लांब कडेला १० मीटरचा मुख्य रस्ता. त्यातून दोन गल्ल्या वर जातात, एकमेकींपासून ६० मीटरांवर. गल्ली ६ मीटरची, दोन्हीकडे दीड मीटरचा पदपथ, एकूण ९. भूखंड १५ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल. घरापुढे ६ मीटर, घर ८, मागे परसबागेला ११. गल्लीच्या प्रत्येक बाजूला चार घरं, म्हणजे एकूण सोळा.

पुढचे ६ मीटर शोभेसाठी सोडलेत असं वाटतं. तसं नाही. उभी केलेली मोटार साधारण ५ मीटर जागा घेते आणि तिच्यापुढून दारात जायला माणसाला वाट हवी. मोटार नसती तर हे अंगण तीन मीटरांवर भागलं असतं आणि परसबाग तेवढीच वाढली असती. घराची जागा भूखंडावर कोण ठरवतं, तर दाराबाहेर उभं असलेलं हे धूड.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर : ६ + ९ + ६ = २१ मीटर. जवळजवळ ७० फूट. ब्रिटनमध्ये १९१८ साली ट्युडर वॉल्टर्स समितीनं घरबांधणीवर अहवाल दिला होता. समोरासमोरच्या घरांमध्ये ७० फूट अंतर असावं, हिवाळ्यातलं ऊन खिडकीत पोचावं, ही शिफारस त्यातलीच. माझं २१ मोटारीपायी आलं, त्यांचं उन्हापायी. पडताळून बघायला हवं.

२ फेब्रुवारी

गल्ल्यांची वरची टोकं. पहिला विचार होता बंद गल्लीचा, टोकाला गोल. उपनगर म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतं. इंग्लंडमध्ये हॅम्पस्टेड गार्डन सबर्बला अशा गल्ल्या करता याव्यात म्हणून १९०६ साली संसदेत वेगळा कायदा करून घ्यावा लागला होता, कारण तिथल्या तेव्हाच्या नियमांत त्या बसत नव्हत्या. रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर यांची आखणी. कारण साधं होतं : ज्या गल्लीतून कुणी आरपार जात नाही, ती अरुंद ठेवता येते, स्वस्तात होते आणि शांत राहते.

आता गोल केवढा घ्यायचा? अमेरिकेतल्या आदर्श अग्निसुरक्षा नियमावलीत बंद गल्लीच्या टोकाला ९६ फूट व्यासाचा गोल सांगितला आहे, बंबाला वळता यावं म्हणून. म्हणजे २९ मीटर. कंपासनं २९ सेंमीचं वर्तुळ कागदावर काढलं, कापलं आणि फळीवर टाकलं. दोन्ही बाजूंची शेवटची दोन घरं त्याखाली गेली. दोन गल्ल्या मिळून सोळातली चार घरं एका वळणासाठी द्यायची.

गोल रद्द. फळीच्या वरच्या कडेला भूखंड संपल्यावर १० मीटरची पट्टी उरतेच आहे. तिच्यातून दोन्ही गल्ल्या एकमेकींना जोडल्या. उलटा U. बंब एका गल्लीतून आत, दुसरीतून बाहेर, आणि मागे घ्यायची वेळच येत नाही. मुख्य रस्त्यावरून आत शिरून परत मुख्य रस्त्यावरच यायचं असल्यामुळे परक्या वाहनाला आत यायचं काही कारणही नाही. सोळा घरं शाबूत.

९ फेब्रुवारी

आज नुसता हिशेब. फळीचं क्षेत्रफळ ९,६०० चौरस मीटर, म्हणजे २.४ एकरांच्या आत-बाहेर. सोळा घरांची जोती मिळून १,२८० चौरस मीटर. १३ टक्के. रस्ते आणि पदपथ मिळून २,९७० चौरस मीटर. ३१ टक्के. मुख्य रस्ता पूर्णपणे याच वस्तीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे, तो अर्धाच धरला तरी २५ टक्के होतात. कुठल्याही बाजूनं मोजा, डांबर छपरांच्या जवळजवळ दुप्पट.

एकरी घरं पावणेसात. अनविननं १९१२ साली काढलेल्या पुस्तिकेत एकरी बाराचा आग्रह धरला होता. दाटी करून काही मिळत नाही, हाच त्या पुस्तिकेचा मुद्दा, आणि त्याला दाटी नको असतानाही तो बारावर थांबला. आपण त्याच्या अर्ध्यावर आहोत. याचे परिणाम फळीवर दिसत नाहीत, ते फळीबाहेर दिसतात : दुकान चालायला गिऱ्हाईक लागतं, बस यायला उतारू लागतात.

१५ फेब्रुवारी

मित्र आला होता, बांधकाम खात्यात आयुष्य काढलेला. वाकून बघितलं, घराचं कौतुक केलं आणि म्हणाला, “छान आहे रे. पण पाणी कुठे जातंय यातलं?”

फळी सपाट होती.

मग दोघं बसलो. वरच्या जोडगल्लीपासून मुख्य रस्त्यापर्यंत ६० मीटर अंतर. त्यात १ मीटर उतार दिला, म्हणजे ६० ला १. २ मिमी पुठ्ठ्याचे पाच थर, पायऱ्या-पायऱ्यांनी, मग वर भराव घालून सलग केले. हा आकडा मित्राचा. का, ते त्यानं नंतर सांगितलं. सांडपाण्याच्या नळाच्या उताराचा जुना ठोकताळा आहे : नळाचा व्यास इंचांत घ्यायचा आणि दहानं गुणायचं. ४ इंची नळाला ४० ला १, ६ इंची नळाला ६० ला १. गल्लीखालचा मुख्य नळ ६ इंची. जमिनीचा उतारही ६० ला १ ठेवला की नळ जमिनीला समांतर जातो आणि खोदाई सगळीकडे सारखीच राहते. जमीन सपाट असती तर खालच्या टोकाला नळ मीटरभर जास्त खोल गेला असता.

घरापासून गल्लीच्या नळापर्यंत १८ मीटर. तो ४ इंची, ४० ला १, म्हणजे ४५ सेंमी खाली. म्हणून घर गल्लीपेक्षा खाली बसवता येत नाही. शिवाय जोत्याभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती हवी, पहिल्या ३ मीटरांत निदान १५ सेंमी. मॉडेलमध्ये दीड मिलिमीटर. बोटाला कळतो, डोळ्याला कळत नाही.

पावसाचा हिशेबही त्यानंच करायला लावला. एका चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. एका छपराचं क्षेत्र वळचणीसकट जवळजवळ १०० चौरस मीटर. २५ मिमीची सर आली तर एका घराचे अडीच हजार लिटर, सोळा घरांचे चाळीस हजार. रस्त्यांचे? चौऱ्याहत्तर हजार. लोक पन्हळी आणि छपरावरच्या पाण्याची चिंता करतात, आणि लोंढा येतो तो गल्लीतून.

खालच्या टोकाच्या दोन घरांची जोती दुसऱ्या दिवशी अजून १५ सेंमीनं उचलली.

२३ फेब्रुवारी

ऊन. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात मजेशीर दिवस.

दिव्यानं सावल्या बघण्यात अर्थ नाही. जवळच्या दिव्याची किरणं पसरट येतात, सावल्या फाकतात. फळी खऱ्या उन्हात न्यायची. फळीवर १ सेंमीची टाचणी उभी रोवली, शेजारी उत्तरेचा बाण. ४० अंश अक्षांशाला हिवाळ्यातल्या सगळ्यात छोट्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य साडेसव्वीस अंशांवर असतो (९० वजा ४० वजा २३.५). त्या कोनात टाचणीची सावली बरोबर दुप्पट पडते. म्हणजे फळी हातानं कलती करत राहायची, टाचणीची सावली उत्तरेच्या बाणावर २ सेंमी झाली की थांबायचं. त्या क्षणी फळीवर हिवाळ्यातली दुपार असते, बाहेर कुठलाही महिना असो. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसासाठी तीच सावली ३ मिमी करायची.

आधी गल्ल्या उत्तर-दक्षिण धरल्या. ८ मीटरच्या आढ्याची सावली १६ मीटर. शेजारच्या दोन घरांमध्ये अंतर फक्त ५ मीटर. दक्षिणेकडच्या घराच्या त्रिकोणी माथ्याची सावली शेजाऱ्याच्या भिंतीवर साडेपाच मीटरपर्यंत चढली. दोन्ही मजल्यांच्या दक्षिणेकडच्या खिडक्या भर दुपारी अंधारात. दिवाणखान्याची मोठी खिडकी मी तिथेच ठेवली होती.

मग घराला हात न लावता नुसता उत्तरेचा बाण नव्वद अंशांत फिरवला. गल्ल्या पूर्व-पश्चिम झाल्या. आता सावली समोरच्या घराकडे पडते. आढं पुढच्या भिंतीपासून ४ मीटर आत आहे, त्यामुळे १६ पैकी १२ मीटरच सावली भिंतीबाहेर येते, आणि समोरचं घर २१ मीटरांवर. ९ मीटर ऊन शिल्लक. मागच्या बाजूला दोन परसबागा मिळून २२ मीटर, तिथेही तेच. सोळाच्या सोळा घरांना एका लांब भिंतीवर हिवाळाभर दुपारचं ऊन.

घराच्या आराखड्यावर कितीही डोकं लढवलं असतं तरी हे हाती लागलं नसतं. गल्ली कुणी कुठल्या दिशेनं आखली, त्यावर दिवाणखाना उबदार की थंड हे ठरलं, आणि ते घर बांधायला कुणी येण्याच्या आधीच ठरलं.

ट्युडर वॉल्टर्सचं गणितही करून पाहिलं. लंडनच्या ५१.५ अंशांना तोच सूर्य १५ अंशांवर येतो. माझ्या घराच्या आढ्याची सावली तिथे ३० मीटर, भिंतीबाहेर २६. समोरच्या भिंतीवर ती सव्वा मीटर चढते. साधारण खिडकीच्या उंबऱ्यापेक्षा थोडी वर. ७० फूट हा आकडा किती नेमका काठावरचा आहे ते कळलं.

एक जादा फायदा : उन्हाळ्यात त्रास देतं ते माध्यान्हीचं ऊन नव्हे, ते जवळजवळ डोक्यावर असतं. त्रास देतो मावळतीकडचा कलता सूर्य. गल्ल्या पूर्व-पश्चिम असल्या की पश्चिमेला घराची अरुंद बाजू येते आणि तीही शेजाऱ्याच्या आडोशाला असते. फक्त टोकाच्या घरांना झळ बसते.

२ मार्च

मागच्या नोंदीतल्या शोधाची किंमत. गल्लीच्या उत्तरेकडच्या घरांना ऊन पुढून मिळतं, दक्षिणेकडच्यांना मागून. म्हणजे एकाच आराखड्याच्या सोळा प्रती काढता येणार नाहीत. आठ घरांत दिवाणखाना मागे, स्वयंपाकघर पुढे. जिना जागच्या जागी राहिला, बाकी सगळं उलटं. पुठ्ठ्याचे साचे दोन झाले.

११ मार्च

कापाकापी. लिहिण्यासारखं काही नाही.

२० मार्च

सोळा घरं फळीवर. सगळी सारखी असल्यामुळे मॉडेल एकदम निर्जीव वाटतंय. यावर उपाय लेव्हिटटाउनच्या इतिहासात सापडतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट यांच्या कंपनीनं १७,४४७ घरं बांधली, जवळजवळ एका छापाची. पहिल्या घरांत माळा अर्धवट सोडलेला असे, पुढे हवा तर घरमालकानं पुरा करावा म्हणून. लोकांनी माळे पुरे केले, छपरात खिडक्या काढल्या, पुढे-मागे खोल्या वाढवल्या. मूळ रूपातलं घर आज तिथे शोधावं लागतं.

तेव्हा माझी घरंही वीस वर्षं म्हातारी केली. एकाचं छप्पर फोडून खिडकी काढली. एकाची मोटारीची शेड भिंती घालून खोली केली. एकानं मागे पत्र्याचा निवारा काढला, एकानं पुढचं अंगण पूर्ण फरसबंद केलं. तीन घरं मात्र जशीच्या तशी. अशीही माणसं असतात.

त्याच लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत एक कलम होतं : घर गोऱ्यांखेरीज कुणी वापरायचं नाही. असली कलमं न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली दिला, तरी वस्ती पुढेही गोरीच राहिली. हे पुठ्ठ्यात दाखवता येत नाही. कुंपणाची उंची दाखवता येते, कुणाला फाटकाच्या आतच घेतलं नाही हे दाखवता येत नाही. वस्तीच्या देखण्या मॉडेलांकडे बघताना एवढं लक्षात असलेलं बरं.

२९ मार्च

दोऱ्यानं अंतरं मोजली. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांत, दारापासून दारापर्यंत सरळ रेषेत ३८ मीटर. गल्लीनं जायचं तर मधल्या घरांना १५० मीटर. एका परसबागेतली हाक दुसरीत ऐकू येते, पण चालत जायचं तर चौपट वळसा. शेजार फक्त समोरच्याचा, मागचा परका.

म्हणून मधल्या दोन भूखंडांच्या शिवेवरून एक-एक मीटर घेऊन २ मीटरची पायवाट काढली, ५१ मीटर लांब. आता ते अंतर निम्म्यावर आलं. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी १९२९ साली हीच कल्पना कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवली होती. घरांची तोंडं हिरवळीकडे, मोटारी मागच्या बाजूला, आणि रस्त्याखालून पादचाऱ्यांसाठी भुयार.

माझ्या पायवाटेची अडचण वेगळी. दोन्हीकडे पावणेदोन मीटरची कुंपणं उभारली की ती बोळ होते आणि संध्याकाळनंतर तिथून कुणी जात नाही. परसबागांलगत उंची ठेवली, पण दोन्ही टोकांना घरांपुढे ती १ मीटरवर आणली आणि लगतच्या घरांना तिकडे तोंड करून एकेक खिडकी दिली.

त्याच १९२९ साली क्लॅरेन्स पेरीनं वस्तीचं एक माप मांडलं : मध्ये शाळा, आणि कुठल्याही घरापासून ती पाव मैलात, म्हणजे ४०० मीटरांत. माझ्या प्रमाणात ४ मीटर. मोजलं तर शाळा शेजारच्या खोलीत, कपाटाच्या मागे येते.

७ एप्रिल

पृष्ठभाग. रस्त्याला १८० नंबरचा सँडपेपर : त्याचा कण साधारण ०.०८ मिमी, म्हणजे प्रमाणात ८ मिमीची खडी, अगदी योग्य. काळा मात्र ठेवायचा नाही. डांबर वर्षभरात करडं होतं, त्यात दुरुस्तीचे गडद चौकोन. गवतासाठी मिळतात ते २ मिमीचे धागे नकोत, ते प्रमाणात २० सेंमी उंच होतात. बारीक भुसा रंगवून पेरला. वाढलेलं गवत फक्त एका घरापुढे.

१४ एप्रिल

झाडं. तांब्याच्या तारा पिळून खोड आणि फांद्या, वर फोमचा चुरा. प्रश्न होता तो किती वयाची करायची याचा. नव्या वस्तीत काठीएवढी रोपं असतात, वीस वर्षांनी त्याच जागी ८ मीटर पसाऱ्याची झाडं. घरं म्हातारी केलीत, तर झाडंही मोठीच हवीत. पण मग वरून बघताना निम्मी वस्ती झाकली जाते. झाडं काढता-घालता येतील अशी केली, खोडाला टाचणी आणि फळीला भोक. पश्चिमेकडच्या टोकाच्या घरांना गर्द झाडं दिली, झळ तिथेच आहे. दक्षिणेला पानगळीची, हिवाळ्यात ऊन अडवू नयेत म्हणून.

मुख्य रस्त्याच्या कडेला झाडांची रांग लावावी, आवाज अडेल, असं सुचवलं गेलं. एका रांगेनं आवाज जवळजवळ अडत नाही. वाहत्या रहदारीचा आवाज अंतर दुप्पट झालं की ३ डेसिबलनं उतरतो. त्यापेक्षा लगतच्या चार घरांच्या झोपायच्या खोल्या रस्त्यापासून लांब नेल्या. रांग लावली, पण सावलीसाठी.

२१ एप्रिल

कचऱ्याचे डबे, पत्रपेट्या, वीजमापकांच्या पेट्या, विजेचे खांब, दोन सायकली, चुकीच्या जागी उभी केलेली एक मोटार. आज पहिल्यांदा वस्ती वस्तीसारखी दिसली. माणसं एकवीस ठेवली, त्यांतली बरीचशी पायवाटेच्या तोंडाशी.

पुढचं काम : पायवाटेच्या मध्यावर दिवा, खालच्या टोकाला पावसाचं पाणी जिरवायला खोलगट हिरवा पट्टा (दोन मिमी खोदावं लागेल), आणि मुख्य रस्त्यापलीकडची दुसरी फळी, तिच्यावर दुकानं आणि बसथांबा. तिचा उत्तरेचा बाण आधी काढून ठेवला आहे.